विक्री वाढली, नफा का घटला?

व्यापारी घरातील मुले पूर्वी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पेढीवर बसत, नाहीतर सनदी लेखापाल होत. अलीकडे त्यांच्यापुढे तिसरी वाट आली आहे. व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यावयाची आणि एखाद्या सल्लागार संस्थेत, म्हणजे रूढ भाषेत ‘कन्सल्टिंग’मध्ये, नोकरी धरावयाची. घरातील वडीलधाऱ्यांना या नोकरीचे कोडे उलगडत नाही. ज्याने स्वतः कधी गल्ला सांभाळला नाही, तो पंचवीस वर्षांचा मुलगा कारखानदाराला धंदा कसा करावा हे शिकविणार, आणि त्यासाठी कारखानदार त्याच्या संस्थेला पैसे मोजणार, हे त्यांना पटणे कठीणच असते.

वास्तविक हा व्यवसाय शंभर वर्षांचा आहे आणि त्याचे मूळ हिशेबाच्या वहीतच सापडते. शिकागो विद्यापीठात लेखाशास्त्र शिकविणारे जेम्स मॅकिन्सी यांनी १९२२ मध्ये अंदाजपत्रकीय नियंत्रणावर ग्रंथ लिहिला आणि १९२६ मध्ये स्वतःची संस्था काढली. वही केवळ गेल्या वर्षाचा नफातोटा सांगण्यासाठी नसून पुढील वर्षाचा निर्णय घेण्यासाठी असते, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. पुढे १९६३ मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपची सुरुवात केली, तर १९७३ मध्ये बेन आणि कंपनी उभी राहिली. आपल्याकडे अहमदाबाद व कोलकाता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने ‘केस’ पद्धतीचे शिक्षण सुरू केले. एखाद्या खऱ्या उद्योगाची अडचण विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाची आणि ‘तुम्ही तेथे असता तर काय केले असते?’ असे विचारावयाचे, ही ती पद्धत. सल्लागार संस्थांच्या मुलाखतीतील ‘केस’ हे तिचेच धाकटे भावंड होय.

या मुलाखतीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात उमेदवार माणूस म्हणून कसा आहे, हे पाहतात. स्वतःविषयी सांगा, हेच क्षेत्र का, आमचीच संस्था का, अपयश कधी आले, मतभेद झाला तेव्हा काय केले, असे प्रश्न त्यात येतात. रूढ भाषेत याला ‘एचआर मुलाखत’ म्हणतात; पण पुष्कळ ठिकाणी हे प्रश्न मनुष्यबळ विभागाचा अधिकारी न विचारता, ज्याच्या हाताखाली पुढे काम करावयाचे तो अनुभवी सल्लागारच विचारतो. दुसऱ्या भागात वीस-पंचवीस मिनिटांची ‘केस’ असते. समोर कोरा कागद आणि पेन असते. गणकयंत्र सहसा वापरू देत नाहीत. अशा दोन-तीन फेऱ्या होतात आणि शेवटची फेरी संस्थेतील भागीदार घेतात.

एका तालुक्याच्या गावी घाऊक किराण्याचे दुकान असलेल्या कुटुंबातील मुलीने या मुलाखतीची तयारी कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. दुकान आजोबांनी काढलेले. आता वडील आणि काका चालवितात. मुलगी वाणिज्य पदवीधर. दोन वर्षे नोकरी करून ती एका नामांकित व्यवस्थापन संस्थेत दाखल झाली. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी तिने आपला परिचयपट तयार केला, तेव्हा त्यात दुकानाचा उल्लेखच नव्हता. वर्गातील मुलांचे वडील उच्च अधिकारी, शल्यविशारद, कारखान्यांचे संचालक. त्यांच्यात गुळाच्या ढेपा आणि तेलाचे डबे कसे सांगावेत, असा संकोच तिच्या मनात होता.

सराव-मुलाखतीत तो संकोच उघडा पडला. सराव घेणारा तरुण त्याच संस्थेचा माजी विद्यार्थी होता आणि एका सल्लागार संस्थेत दोन वर्षे काम करीत होता. त्याने ‘केस’ सांगितली ती नेमकी किराण्याची! एका शहरात किराणा दुकानांची साखळी आहे. गेल्या वर्षी तिची विक्री १०० कोटी रुपये होती, ती यंदा ११० कोटी झाली. परंतु नफा ४ कोटींवरून ३ कोटींवर आला. असे का झाले, आणि मालकाने काय करावे?

मुलीने प्रश्न ऐकताच विचारले, “उधारी वाढली आहे का?”

“हो. हॉटेले आणि उपाहारगृहे यांना धान्य व तेल दोन महिन्यांच्या उधारीवर देणे सुरू केले आहे.”

“मग तेच कारण आहे. उधारी बंद करावी,” ती म्हणाली.

तिच्या घरातले हे तीन पिढ्यांचे शहाणपण होते. आजोबा उधारीला दुकानाची वाळवी म्हणत. तरुणाने एवढेच म्हटले, “उत्तर दोन मिनिटांत आले. आकडा एकही आला नाही.”

मग दोघे कागद घेऊन बसले. नफा म्हणजे विक्रीवरील ठोक नफा वजा खर्च, ही पहिली फांदी. ठोक नफ्याच्या पुन्हा दोन फांद्या: कोणता माल किती विकला, आणि त्या मालावर किती टक्के सुटले. खर्चाच्याही तशाच फांद्या पडतात: भाडे, पगार, वाहतूक, व्याज. एकही बाब सुटू नये आणि कोणतीही बाब दोनदा मोजली जाऊ नये, एवढाच या आराखड्याचा नियम. खतावणीत प्रत्येक रक्कम एकाच खाती पडावी, ही शिस्त ज्याच्या अंगी आहे त्याला हा नियम नवा वाटू नये. तयारीच्या पुस्तकांतून आराखड्यांची भारदस्त नावे पाठ करणारे उमेदवार असतात. पण प्रश्न कोणताही असो, त्यावर तोच साचा बसविला की परीक्षकाला ते चटकन कळते.

आराखडा मांडून झाल्यावर तिने आकडे मागितले आणि ते एकेक करून मिळाले. गेल्या वर्षी धान्य, कडधान्य व तेल मिळून ४० कोटींची विक्री होती आणि तीवर ८ टक्के सुटत होते. साबण, बिस्किटे, मसाले असा बंद पाकिटांतील माल ६० कोटींचा होता आणि त्यावर १८ टक्के सुटत होते. म्हणजे ठोक नफा ३.२ कोटी अधिक १०.८ कोटी, एकूण १४ कोटी. खर्च १० कोटी. उरले ४ कोटी. यंदा दोन्हींवरील टक्केवारी तीच राहिली, पण धान्य-तेल ६० कोटींवर गेले आणि पाकिटांचा माल ५० कोटींवर आला. ठोक नफा ४.८ अधिक ९, म्हणजे १३.८ कोटी. खर्च १०.८ कोटी, उरले ३ कोटी.

आता उधारीचा खरा हिशेब करता येत होता. धान्य-तेलाची वाढलेली २० कोटींची विक्री सगळी हॉटेलांना झालेली होती. तीवर ८ टक्क्यांनी १ कोटी ६० लाख सुटले. दोन महिन्यांच्या उधारीमुळे वर्षभर सुमारे ३ कोटी ३३ लाख रुपये अडकून राहिले. बँकेचे व्याज १२ टक्के धरले तर त्याचे ४० लाख झाले. माल पोहोचविण्याच्या वाहतुकीचे आणखी ४० लाख. खर्चात वाढलेले ८० लाख ते हेच. हे सगळे वजा जाता उधारीच्या धंद्यातून ८० लाख रुपये शिल्लक राहत होते. नुकसान दुसरीकडेच होते. पाकिटांच्या मालाची विक्री १० कोटींनी घटली होती आणि १८ टक्क्यांनी १ कोटी ८० लाखांचा नफा तेथे गेला होता. ८० लाख आले, १ कोटी ८० लाख गेले. फरक बरोबर १ कोटीचा.

मुलीच्या सल्ल्याप्रमाणे मालकाने उधारी बंद केली असती, तर त्याचा नफा ३ कोटींवरून २ कोटी २० लाखांवर आला असता!

हा धडा तिला फार लागला. घरचे शहाणपण चुकीचे नव्हते. पण ते उत्तर म्हणून वापरले गेले, प्रश्न म्हणून नव्हे. ‘उधारी वाढली आहे का?’ हा प्रश्न उत्तमच होता. त्याची शहानिशा होण्यापूर्वी निकाल दिला गेला, येथे चूक झाली.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर रात्री वडील दुकानाच्या ओट्यावर निवांत बसले होते. तिने त्यांना ही ‘केस’ सांगितली आणि आपण कसे चुकलो, हेही सांगितले. वडिलांनी कागद मागितला नाही. सगळे आकडे ऐकून घेतले आणि विचारले, “बेटा, पाकिटांचा माल दहा कोटींनी कमी खपला म्हणतेस. गिऱ्हाईक आले नाही, की फळीवर माल नव्हता?”

“म्हणजे कसे, पप्पा?”

“सव्वातीन कोटी हॉटेलांत अडकले ना? ते आले कुठून? सगळे बँकेने दिले असले तर ठीक. पण मालकाने खरेदी आवरती घेतली असली, तर कंपनीचा माल कमी उचलला असणार. साबण घ्यायला आलेले गिऱ्हाईक रिकामी फळी पाहून दोनदा परत जाते. तिसऱ्यांदा ते येतच नाही, आणि जाताना बिस्किटेही दुसरीकडूनच घेते.”

मुलगी गप्प राहिली. सराव-मुलाखतीत पाकिटांची विक्री का घटली, याचा शोध अर्ध्यावरच राहिला होता. घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांमुळे गिऱ्हाईक गेले असावे, असा तर्क करून दोघे थांबले होते. वडिलांनी त्याची सरळ दोन फांद्यांत वाटणी केली: मागणी घटली, की पुरवठा तुटला. पहिले कारण खरे असेल तर एक उपाय, दुसरे असेल तर दुसरा. आणि कोणते खरे, हे खरेदीची बिले पाहिली तर अर्ध्या तासात कळेल. उधारीचे नुकसान व्याजाच्या खात्यात दिसते तेवढेच नसते, ते रिकाम्या फळीवरही बसलेले असू शकते, हे कागदावरच्या गणिताने तिला सांगितले नव्हते. पण किती बसले, हे वडिलांच्या अनुभवालाही गणितावाचून सांगता आले नसते.

त्या रात्री तिने परिचयपटात दुकान घातले.

त्यामुळे मुलाखतीच्या पहिल्या भागाची तयारीही सुधारली. ‘घरचा धंदा आहे, मग नोकरी कशाला?’ हा प्रश्न व्यापारी घरातील उमेदवाराला हमखास विचारला जातो. त्यावर तिने पूर्वी पाठ केलेले उत्तर जागतिक अनुभव, व्यापक क्षितिज अशा शब्दांनी भरलेले होते. आता तिने खरे उत्तर तयार केले. दुकान काका आणि वडील चालवितात, दोन चुलत भाऊ त्यात आलेले आहेत; तिला एका दुकानाऐवजी अनेक प्रकारचे धंदे आतून पाहावयाचे आहेत; आणि दहा वर्षांनी ती व्यापारात परत येणारच नाही, असे ती छातीठोक सांगू शकत नाही.

मतभेदाचा प्रसंग सांगताना चार गोष्टी क्रमाने याव्यात, असे सर्वत्र शिकवितात: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही स्वतः काय केले, आणि परिणाम काय झाला. बहुतेक उमेदवार पहिल्या गोष्टीतच तीन मिनिटे घालवितात आणि तिसऱ्या गोष्टीत ‘आम्ही’ म्हणत राहतात. ऐकणाऱ्याला ‘तुम्ही’ काय केले, हे हवे असते. तिच्याकडे असा एक प्रसंग होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा ती नुकतीच महाविद्यालयात गेली होती. मालानुसार कराचे दर वेगळे, प्रत्येकाला संकेतांक. आणि काका संगणकावर बिल करण्यास तयार नव्हते. तिने वाद घातला नाही. तीन महिने हाताची वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवण्याचे तिने सुचविले आणि दर रविवारी दोन्ही जुळवून दाखविण्याची जबाबदारी घेतली. चौथ्या रविवारी मेळ बसेना. चूक वहीत नव्हती. संगणकात तिनेच एका मालाचा दर चुकीचा भरला होता. तिने ते काकांना स्वतःहून दाखविले. त्यानंतर काकांचा संगणकावर विश्वास बसला असे नाही, पण तिच्यावर बसला. आणि तीन महिन्यांनी हाताची बिले बंद झाली.

आणखी एक प्रश्न होता आणि तो घरातच सोडविणे आवश्यक होते. या नोकरीत पुष्कळदा सोमवारी पहाटे निघून गुरुवारी रात्री परतावे लागते. चार दिवस ज्याचे काम असेल त्याच्या गावी मुक्काम. मुलाखतीत ‘हे चालेल का?’ असे स्पष्ट विचारतात. घरी तिच्यासाठी स्थळांची बोलणी सुरू होती आणि आईच्या मनात हीच काळजी होती. मुलीने नेमणूक होण्याआधीच तो विषय काढला. दोन संध्याकाळी चर्चा झाली, थोडी रागावारागवीही झाली. अखेर वडील म्हणाले, “ही फिरती ज्यांना चालेल, त्यांनाच आपण होकार देऊ. आधी लपवून नंतर सांगायचे नाही.” आईने त्यावर होकार दिला नाही, पण जाताना तिच्या पेटीत चार दिवसांच्या प्रवासाला पुरेल एवढा खाकरा भरून दिला.

सरावात अंदाजाचे प्रश्नही होते. पाच लाख वस्तीच्या शहरात महिन्याला किती साखर लागत असेल? घरटी चार माणसे धरली तर सव्वा लाख घरे. घराला ४ किलो धरले तर ५ लाख किलो, म्हणजे ५०० टन. हॉटेले व मिठाईवाले यांचा चौथा हिस्सा वर धरला तर ६२५ टन. येथे थांबू नये. हा अंदाज माणशी वर्षाला १५ किलो होतो. देशाचा खप माणशी सुमारे २० किलो आहे. उरलेली साखर शीतपेये व बिस्किटे यांच्या कारखान्यांत जाते, तेव्हा उत्तर पटण्याजोगे आहे. परीक्षकाला ६२५ हा आकडा नको असतो. कशावरून धरला आणि पडताळून पाहिला का, हे हवे असते.

मुलाखतीचा दिवस आला. पहिल्या संस्थेत तिने गणित करताना लाखाच्या ठिकाणी कोटी धरले. चूक तिच्या लक्षात आली, पण ती न सांगता तिने पुढे उत्तर सावरण्याचा प्रयत्न केला. तेथे निवड झाली नाही. तासाभरात दुसऱ्या संस्थेची फेरी होती. एका रंगाच्या कारखान्याची विक्री एका राज्यात घटली होती. तिने एक मिनिट मागून घेतले, आराखडा काढला आणि विचारले, “मागणी कमी झाली आहे, की विक्रेत्यांकडे मालच पोहोचलेला नाही?” समोरचे भागीदार थोडे पुढे सरकले. विक्रेत्यांची उधारीची मर्यादा संपल्यामुळे कारखाना त्यांना माल सोडत नव्हता, असे पुढे निघाले. मधे तिच्याकडून पुन्हा एक भागाकार चुकला. या वेळी ती थांबली आणि म्हणाली, “माझा आकडा चुकला आहे. मागच्या पायरीपासून पुन्हा करते.” शेवटी निष्कर्ष आधी, कारणे नंतर आणि पुढे काय तपासावे लागेल ते सर्वांत शेवटी, अशा क्रमाने तिने एका मिनिटात उत्तर सांगितले. संध्याकाळी तिला नेमणुकीचे पत्र मिळाले.

ज्यांच्या घरी अशी तयारी चालू आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाठांतरापेक्षा मोठ्याने बोलून केलेला सराव उपयोगी पडतो. एकट्याने पुस्तक वाचून ‘केस’ येत नाही, समोर अडविणारा माणूस लागतो. पाढे, टक्केवारी, लाख-कोटींचे शून्य यांचा रोज पंधरा मिनिटे हातगणिताने सराव असावा. परिचयपटात जे लिहिले त्यातील प्रत्येक ओळीवर दहा मिनिटे बोलता यावे. न येणारी ओळ काढून टाकावी. मुलाखतीच्या दिवशी घरून दर तासाला दूरध्वनी करू नये. आणि मुलाला किंवा मुलीला आठवड्यातून एकदा दुकानातील एखादा खरा प्रश्न द्यावा: हा माल फिरत का नाही, या गिऱ्हाइकाला उधार द्यावे का, दुसरे गोदाम भाड्याने घेतले तर परवडेल का. उत्तर लगेच सांगू नये. आधी त्यांना विचारू द्यावे, मग वही उघडून दाखवावी.

त्या घरी आता तसेच चालते. मुलगी सुट्टीत आली की काका तिला एखादा आकडा सांगतात आणि कारण विचारतात. ती चुकली की हसतात. ती बरोबर आली की, पुन्हा एकदा बेरीज करून पाहतात.